टाचण

मार्चमध्ये शाळा उघडली तेव्हा
नोएलियाबाईंचं टाचण मिनिटामिनिटाचं होतं.
आठ पाचला नमस्कार, आठ दहाला उजळणी,
कोणता प्रश्न कुणाला, उत्तर पुढे कंसात,
आणि एके ठिकाणी चक्क 'इथे हसणे'.

चिलीच्या दक्षिणेला, चिलोएच्या आडोशाला
चिमटीएवढं बेट. एक खोली, अकरा मुलं,
सहा वर्षांच्या रायेनपासून तेराच्या इसिद्रोपर्यंत.
एक फळा, एक लाकडाची शेगडी,
आणि खिडकीबाहेर समुद्र,
जो दिवसातून दोनदा अंगण मोकळं करून देतो
नि दोनदा परत मागतो.

बाईंची आई कपडे शिवायची.
कापड आधी कच्च्या दोऱ्यानं टाचायची,
लांब लांब, ढिले टाके,
काळ्या कापडावर पांढरा दोरा, मुद्दाम, दिसावा म्हणून.
पक्की शिलाई झाली की तोच दोरा
दातानं तोडून ओढून काढायची.
टाचण म्हणजे एवढंच असतं, बाईंना वाटलं,
आणि एप्रिलात त्यांनी ओढायला सुरुवात केली.

आधी 'इथे हसणे' गेलं.
(मुलं तिथे हसत नव्हतीच. भलतीकडेच हसायची.)
मग कंसातली उत्तरं गेली. मग नावं.

मे महिना वाईट गेला.
'काय शोधायचं ते तुम्हीच ठरवा' म्हटल्यावर
अकराजणांनी एकच विचारलं,
'बाई, पण वहीत काय लिहू?'
एदेलमिरा रडली. इसिद्रो खुशाल झोपला.
शिवण्याआधीच दोरा ओढला
की बाही हातात येते, हे आई बोलली नव्हती,
तिला ते सांगण्यासारखंही वाटलं नसेल.

मग पुन्हा थोडे टाके:
मोजपट्टी कुठे आहे, अडलं तर आधी कुणाला विचारायचं,
'मला काय माहीत नाही' ही एक ओळ
रोज, वहीच्या डोक्यावर.
रायेनला लिहिता येत नव्हतं. ती चित्र काढायची,
बहुतेक वेळा खेकड्याचं.

ऑगस्टात एका सकाळी होडी उशिरा सुटली.
बाई धक्क्यावरून धावत आल्या तेव्हा
शाळेच्या धुराड्यातून धूर निघत होता.
दाराशी त्या थांबल्या, हात कडीवर.

आत भांडण पेटलं होतं.
धक्क्याच्या खांबावर रोज नऊ वाजता खूण करायची
असं त्यांनी आपापसात ठरवलेलं,
आणि पाच दिवसांत खुणा खाली खाली सरकलेल्या.
'खांब वर येतोय,' इसिद्रो म्हणाला.
'वारा पाणी ढकलतो,' यास्ना म्हणाली.
कुणीतरी कोपऱ्यात पेन्सिलीला नुसतं टोक करत होतं.
रायेननं खेकडा वर धरला: 'ह्याला विचारा.'

चंद्र बाईंच्या जिभेवर आला.
अख्खा, गोल, तयार चंद्र,
चार वाक्यांत समजावता येईल असा.
कोट ठिबकत होता. त्यांनी जीभ चावली.
आत कुणीच बरोबर नव्हतं.
एक मिनिट गेलं. दुसरंही गेलं,
आणि टाचणात त्याला रकाना नव्हता.

शेवटी एदेलमिरा म्हणाली, तीच एदेलमिरा,
'नऊलाच का मोजतो आपण?
उद्या पाण्याची वाट बघू. सगळ्यात वर येईल तेव्हा
घड्याळ बघू.'

बाईंनी कडी काढली.
'उशीर झाला तुम्हाला,' इसिद्रो म्हणाला,
आणि सगळे परत खांबाकडे वळले.

त्या रात्री तालुक्याच्या छापील तक्त्यात,
'शिक्षकाची कृती' ह्या रुंद रकान्यात
त्यांनी लिहिलं: शेगडीत लाकूड घालणे.
थोडं थांबून खोडलं.
ते काम इसिद्रो करतो.