बोगद्याच्या अलीकडे, पलीकडे

अकराव्या वळणावर बेगायिम ओकली,
बापाच्या टोपीत.
टोपी नवी होती. जेनिश काही बोलला नाही,
नुसती काच खाली केली.

थोरल्याची मोजणी चालूच :
मेंढ्या एकशे चार, ट्रक नऊ,
"आणि तो कुत्रा मेंढ्यांत धरायचा का?"

चोल्पोन कुरुतचा खारट गोळा
दातांनी फोडते. अर्धा इकडे, अर्धा तिकडे.
भांडण होतंच,
मोठ्या अर्ध्यावरून.

मग बोगदा.
छतावरून ठिबकणारं पाणी, पिवळे दिवे, सगळे गप्प.
"आई, डोंगर कुठे गेला?"
"आपण त्याच्या पोटात आहोत."
बेगायिम बराच वेळ विचार करते.
"मग आता त्याला मळमळत असेल."

पलीकडे सूसामिरचं पठार, ऊन, घोडे.
ओढ्याकाठी जेनिश टोपी धुतोय,
पाठमोरा.
खांदे हलतायत त्याचे.