ओळ देणारा

शनिवारी रात्री बाराला दहा कमी असताना
बाबा राउटरची पिन काढतात,
समई शांत करावी तितक्या हलक्या हाताने.
मग पातेल्यावर झाकण आहे ना ते बघतात,
उद्याचे बटाटे आजच सोलून पाण्यात ठेवलेले,
दोरीवर एखादा मोजा राहिला नाही ना ते खिडकीतून,
आणि झोपायला जातात.

या बेटावर रविवार असाच येतो.
वाऱ्याखेरीज कुणाला काम नसतं.

पणजोबा म्हणे कोंबड्यालासुद्धा
शनिवारपासून टोपलीखाली झाकायचे.
आठ वर्षांची असताना मी विचारलं होतं,
मग मेंढ्यांचं काय, त्या तर रविवारीही चरतात.
आईने पाठीत धपाटा घातला आणि तोंड फिरवून हसली.
ते हसणं मला दिसलं. माझी श्रद्धा
त्या क्षणी सुरू झाली की संपली,
अजून ठरवता आलेलं नाही.

मी बंदरावर बोटीची तिकिटं देते.
म्हणजे द्यायची. आता ऍप आहे,
तर ऍप कसं उघडायचं ते सांगते.

बाबांनी चर्चमध्ये चाळीस वर्षं ओळ दिली.
आमच्याकडे ऑर्गन नाही, पेटी नाही.
एक माणूस ओळ सोडतो, एकटी,
आणि बाकीचे ती उचलतात आपापल्या वेळेने,
कुणी लगेच, कुणी मागून, कुणी भलतंच वळण घेत,
एका वाटेने निघालेली दोनशे माणसं
वेगवेगळी घरी पोचावीत तशी.
नवख्याला वाटतं, सगळेच चुकताहेत.

आता दोनशे नाहीत. एकोणचाळीस.
डोळे मिटायचे तेव्हा मी मोजते.

दोन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा कान गेला, सूर हलायला लागला,
तेव्हा मोठ्या मंडळींनी फार सभ्यपणे
डॉनल्ड-जॉनला पुढच्या बाकावर बसवलं.
बाबा म्हणाले, बरं झालं.
त्या दुपारी त्यांनी बटाट्यांवर दोनदा मीठ घातलं.

गेल्या शनिवारी कॅल्गरीहून फिन्लीचा फोन आला,
तिकडे दुपार, इकडे साडेअकरा.
टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवला.
पडद्यावर ब्रॉडी, माझा भाचा, अकरा वर्षांचा,
हे नाव बाबांच्या तोंडी अजून खड्यासारखं येतं.
शाळेत घरातलं काहीतरी गाऊन दाखवायचंय, म्हणाला.
घरातलं म्हणजे कुठलं घर, ते कुणी विचारलं नाही.

बाबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं.
घसा साफ केला. चष्मा काढला, का कोण जाणे.
आणि ओळ सोडली.

ती समुद्रावरून गेली, की समुद्राखालून,
मला यातलं काही कळत नाही.
पडद्यावर पोराचे ओठ हलले,
आवाज अर्ध्या क्षणाने आला,
शब्द एकही धड नाही, आमची भाषा त्याला येत नाही,
पण सूर उचललेला, मागून, वळण घेत.
मध्येच चित्र गोठलं. आवाज येत राहिला.

फिन्ली ओशाळून म्हणाला, नेट खराब आहे बाबा, उशिरा पोचतंय.
बाबा म्हणाले,
नाही रे. असंच असतं ते.
आणि पुढची ओळ दिली.

मी घड्याळाकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.
बाराला पाच कमी. दोन. बारा.
डॉनल्ड-जॉनच्या घरातला दिवा गेला.
बारा वाजून चार मिनिटांनी
बाबांनी पोराला झोप म्हणून सांगितलं, तिकडे ऊन असताना,
आणि पिन काढली.
बराच वेळ ती हातातच होती.

पुढच्या वेळी अकराला करायला सांग, म्हणाले.
बस, एवढंच.

स्वयंपाकघरातलं ते घड्याळ
चार मिनिटं पुढे आहे, आईच्या वेळेपासून.
कुणाला बोटीला उशीर होऊ नये म्हणून तिने लावलेलं.
दोघांनाही ठाऊक आहे. दोघेही बोललो नाही.

सोमवारी मी स्टुलावर चढले,
काच पुसली, सेल बदलला,
आणि मोबाइलवर वेळ बघून
ते पुन्हा चार मिनिटं पुढेच लावलं.