पोटाखालची खूण

तिकिटाच्या खिडकीतल्या पोरानं माझ्याकडं बघून
मागं उभ्या अनघाला विचारलं,
"काकांना कुठवर न्यायचंय?"
जसा मी सोफा, तिसऱ्या मजल्यावर चढवायचा.

भूगावच्या पुढं, टेकडीच्या अंगावर
चाळीस एकरांत मांडलेली शिल्पं,
फाटकापाशी निळी पाटी : व्हीलचेअर सर्वत्र.
सर्वत्र म्हणजे, नकाशा उलगडल्यावर कळलं,
ठिपक्यांची एक रेघ,
चौदा शिल्पांना शिवणारी
आणि वरच्या नऊंना लांबूनच नमस्कार घालणारी.

वाट बरी आहे, खोटं कशाला बोलू.
चढ एकास बारा, कठडा हाताला येईल असा,
दर तीस फुटांवर सपाटी, दम खायला.
कुणीतरी बसून विचार केलाय.
आणि मग एकदम खडी,
पांढरीशुभ्र, दिसायला छान.
पुढची चाकं रुतली तशी अनघा म्हणाली,
"मामा, उलटे जाऊ," नि मला पाठमोरा ओढत नेलं
दगडी बायकांच्या रांगेसमोरून.
त्या लहान लहान होत गेल्या.
इतका वेळ कुणी मला निरोप दिला नव्हता.

नावांच्या पाट्या उभ्या माणसाच्या नाकासमोर.
मला पाटीची कड दिसते आणि आभाळ.
"काय लिहिलंय?"
"शीर्षकहीन, क्रमांक सात."
म्हणजे माझं फारसं काही चुकलं नव्हतं.

पुढं रेडा होता. बिडाचा,
गंजून विटेसारखा लाल झालेला.
लोक शिंगांना खेटून फोटो काढत होते.
मी शिंगांपर्यंत पोचत नाही, पोटापर्यंत पोचतो.
आणि पोटाखाली, मागच्या मांडीच्या आत,
बशीएवढा एक गोल,
घासून सपाट केलेला, बाकी अंगाहून गुळगुळीत.

राईझर.

भोसरीत सव्वीस वर्षं मोल्डिंग केलं मी,
वाळू ठोकली, भट्टीपुढं भुवया जाळल्या,
क्रेनची साखळी सुटली त्या पाळीपर्यंत.
साच्यात गेलेला रस गार होताना आकसतो,
भुकेजतो, आणखी मागतो,
त्याला वरून पाजत राहावं लागतं.
पाजणारं ते थान मग कापून टाकतात,
ग्राइंडर फिरवतात,
आणि खूण राहते, कुणी बघणार नाही अशा जागी.

वरून म्हणजे पोटावरून.
म्हणजे ओतला तेव्हा हा एवढा थोरला रेडा उताणा होता,
चारी पाय वर, वाळूत पुरलेला, हलता येत नसलेला.
ससूनच्या छताला चार पंखे होते.
त्यातला एक बंद.

"हात लावायचा नाही, काका."
खाकी शर्ट, छातीवर लहू पाचारणे.
मी हात मागं घेतला आणि त्याला बोटानं दाखवलं.
तो वाकला. दिसेना. उकिडवा बसला,
गुडघा कट्‌कन वाजला.
रस, भूक, उताणा रेडा, सगळं सांगितलं त्याला.
बराच वेळ तो तसाच बसून राहिला माझ्या चाकाशी.
"दोन वर्षं रोज इथंच उभा असतो मी,
हे कसं नाही दिसलं?"
उत्तर जिभेवर आलं होतं. गिळलं.
त्यानं मागं-पुढं बघितलं.
"साहेब जेवायला गेलेत. लावा."

दुपारचं बीड. तव्यासारखं.
चटका बसला तरी हात काढला नाही.
कुणी घासलं असेल हे? पाटीवर एकच नाव,
ते अनघानं वाचलं, मी विसरलो.
ग्राइंडर धरणारा डावखुरा होता, एवढं कळलं,
ओरखडे त्या बाजूला पळत होते.

निघताना लहूला म्हटलं, वरच्या नऊंचं मला कळायचं नाही,
सवड झाली तर खालून बघून ठेव.
तो हसला. हो म्हणाला की नाही, आठवत नाही.

उतारावर अनघानं ब्रेक मला दिला.
तळव्यांवर गंज होता, रबरावर उतरला.
रस्त्याशी रिक्षा थांबेना, एक थांबली ती खुर्ची बघून गेली.
वाट बघत मान वर केली तर
टेकडीच्या माथ्यावर, कशाच्या तरी मोठ्या सावलीत,
एक खाकी ठिपका
उकिडवा बसत होता.