चौथी शिट्टी

शुक्रवार, सकाळी सव्वादहाचा खेळ, सातारा रोड.
आम्ही अकरा जण. त्यातले दोघे नुसते एसीसाठी आलेले,
एक जण इंटरव्हलला गेला तो गेलाच.
मीही जाऊ शकले असते,
पण दिगंबर नाईकनवरेचा सिनेमा मी अर्धा सोडत नाही,
हा माझा जुना, बिनपगारी नियम.

नायक लकडी पुलावरून वळतो
आणि थेट कात्रजच्या बोगद्यात निघतो.
मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं,
"आम्हालाही सांगा की हा रस्ता."
खून होतो तेव्हा घड्याळ डाव्या हातात,
पोलीस येतात तेव्हा उजव्या.
खुनी कोण, ते मला अठराव्या मिनिटाला कळलं.
एवढं गोड हसणारा डॉक्टर
सिनेमात दुसरं काय करणार?
आणि ते संगीत!
दार उघडलं की ढॅण्, दूध उतू गेलं की ढॅण्,
घाबरा आता, घाबरा, असं खांद्याला धरून हलवणारं.

दिगंबर, तुला संगीत लागत नसे.

सहकारनगरातला दोन खोल्यांचा फ्लॅट, उसना कॅमेरा,
मी कंटिन्युइटीची वही घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर.
गॅसवर कुकर. बाई भाजी निवडतेय.
एक शिट्टी. दुसरी. तिसरी.
मग काहीच नाही.
बाईचा हात गवारीच्या शेंगेवर थांबलेला,
आणि आख्खं थिएटर चौथ्या शिट्टीची वाट बघत
श्वास धरून बसलेलं.
बावीस सेकंद. मी मोजलेत, वहीत आहेत.
त्या वर्षी पुण्यात कितीजणींनी
कुकरकडे पाठ करायचं सोडलं होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे.
लग्नाचा विनोदी सिनेमा, त्यात तीन मामा.
मग तो ऐतिहासिक, अर्ध्यात बंद पडलेला,
दाढ्यामिशांचं बिल अजून थकलेलं म्हणतात.
आठशे बारा भागांची मालिका,
सासू दोनदा मेली, तुझ्याच हातून.
मध्येच एक अकरा मिनिटांची फिल्म केलीस,
लोहाराच्या बहिऱ्या पोरावर.
ती मी पाहिली, तू पाहिलीस,
आणि प्रोजेक्टर चालवणाऱ्यानं.
त्या रात्री कर्वे रोडवर चहा पिताना
तू म्हणालास, "आता जमायला लागलंय बघ."
दुसऱ्या दिवशी साबणाच्या जाहिरातीला निघून गेलास.
मी बँकेत लागले. हप्ते कुणाला चुकले?

आज सिनेमात एकच जागा होती.
मेडिकलच्या दुकानात एक म्हातारा
सुटे पैसे मोजतो, कमी भरतात,
एक गोळी पट्टीतून कापून परत देतो.
गोष्टीशी काही संबंध नाही.
संगीतवालाही तेवढा वेळ झोपला असावा.
कात्रीचा आवाज तेवढा आला,
आणि माझ्या पोटात तोच जुना खड्डा.
आहेस अजून तू. नऊ सेकंदांपुरता.
नऊ म्हणजे कमी की जास्त,
मला खरंच सांगता येत नाही.

पाट्या सुरू झाल्या. दिवे लागले.
झाडूवाली माझे पाय उचलायची वाट बघत उभी.
अगदी तळाला, ड्रोनवाल्याच्या आणि
कुठल्याशा फरसाणवाल्याच्या मध्ये,
विशेष आभार : वृंदा आपटे.

आफळे, दिगंबर. आफळे.
सत्तावीस वर्षं झाली,
आणि हीसुद्धा कंटिन्युइटीची चूक.
हसू आलं. झाडूवाली म्हणाली,
"एवढा चांगला होता का?"
"नाही हो," म्हटलं, "भिकार होता,"
आणि पाय वर घेतले.

घरी आले, डाळ-तांदूळ लावले.
फोन वाजला, त्याचंच नाव.
आता विचारणार, कसा वाटला.
मी गवार पुढ्यात ओढली.
एक रिंग. दुसरी. तिसरी.