चार्जर

छातीत नव्हतं दुखत सुरुवातीला.
दाढेत दुखत होतं, डाव्या,
मग खांद्याच्या आतल्या बाजूला कुठंतरी,
आणि मी तासगावच्या सौद्यात उभा, मुठीत बेदाणा,
पस्तीस वर्षांचा माणूस.
दाढ दुखते म्हणून सौदा सोडून जात नाही कोणी.

जिरा सोडा प्यालो. ढेकर आला.
सगळे म्हणाले, पित्त होतं, सुटलास.

रात्री साडेअकराला
शेजारच्या दुधाच्या गाडीत, रिकाम्या कॅनांच्या मधे
स्वरूपानं मला बसवलं.
कवलापूरच्या पुढं प्रत्येक गतिरोधकाला
कॅन एकमेकांवर आपटायचे.
ती गतिरोधक मोजत होती, हे नंतर सांगितलं तिनं.
एकवीस.
काहीतरी मोजायला पाहिजे होतं, म्हणाली.

मिरजेची डॉक्टर माझ्याहून लहान.
किती वाजल्यापासून? तिनं विचारलं.
मी म्हणालो, दाढ तर दुपारपासून...
तिनं घड्याळाकडं बघितलं.
बोलली काही नाही.

नळी मोकळी केली. पण एक कोपरा गेला,
तो आता परत यायचा नाही,
बाकीचं हृदय त्याला ओढत नेईल.
आकडा सांगितला: अडतीस टक्के.
साठाच्या आसपास पाहिजे होता.
मी आयुष्यभर माल निवडत आलोय.
शंभरात अडतीस चांगला निघाला
तर तो लॉट आम्ही बोलीला लावतच नाही,
मागं ठेवतो.

पडद्यापलीकडच्या कॉटवर बिरुदेव करे होता,
ढालगावकडचा, जेसीबी चालवायचा. तेहतीस.
तोंड त्याचं पाहिलं नाही मी.
पडदा अपुरा होता, तळपाय तेवढे दिसायचे,
टाचेच्या भेगेत ऑईल.
पहाटे कोणीतरी पडदा पूर्ण ओढला.
अपुरा पडदा पूर्ण कसा झाला
याचाच विचार करत मी पडून राहिलो,
गोळी उतरेपर्यंत.

बाहेर फरशीवर त्याच्या भावानं
स्वरूपाला चार्जर दिला होता.
सकाळी ते लोक गेले. चार्जरची आठवण
कोणाला असणार.
घरी पिशवी उपसली तेव्हा
सहा प्रकारच्या गोळ्या, फाईल, बिलं,
आणि वायरला काळी चिकटपट्टी लावलेला तो,
पेननं लिहिलेलं: मा.

दोन महिने तो खिळ्याला लटकत होता.
स्वरूपा म्हणायची, पोस्टानं पाठव.
मी म्हणायचो, हो.

शेवटी एस.टी.नं गेलो.
मायाप्पा भावाच्याच जेसीबीखाली उताणा पडून
ग्रीस भरत होता.
हप्ते चालूच आहेत ओ, म्हणाला,
आणि चार्जर बघून: ह्याच्यासाठी एवढ्या लांब?

चहा झाला.
गेलेल्याचं तो बोलला नाही,
वाचलेल्याचं मी.
बाभळीखाली एक शेळी
माझ्या पिशवीचा बंद चघळत राहिली,
आम्ही दोघंही तिला हाकलत नव्हतो.

स्टँडपर्यंत सोडायला आला.
माझ्या चालीनं चालत होता, म्हणजे म्हाताऱ्याच्या.
चढावर मी थांबलो तर तोही थांबला,
उगाच चपलेतला खडा काढल्यासारखं केलं त्यानं.
मग विचारलं,
वाट विचारावी तशा आवाजात:
पहिल्यांदा कुठं दुखतं ओ?

वय किती तुझं?
एकोणतीस.

दाढेत, म्हणालो मी. डाव्या.

तो गप्प झाला.
गाल आतून हलला त्याचा.
जीभ फिरवून बघत होता,
डावीकडं.

एस.टी. आली.
चल, म्हणालो.
कुठं?
मिरजेला.
हसला. जेसीबीला किल्ली तशीच आहे, म्हणाला,
हात ग्रीसनं भरलेत, कपडे असले,
पुढच्या आठवड्यात बघू की.

मी पायरीवर.
त्याचं मनगट माझ्या हातात, बुळबुळीत,
सुटत होतं सारखं,
आणि कंडक्टर दोरीला हात लावून
आमच्याकडं बघत उभा.