पकड

एस्कडेलच्या शाळेत हेस्टर फॉसेट
बत्तीस वर्षं लॅटिन शिकवायची.
फळ्यावर शब्द उभा करायची आणि
कोंबडी सोलावी तसा, सांधे चाचपत, सोडवायची.

इनिलक्टेबल.
भारदस्त शब्द. न्यायाधीशांच्या, बिशपांच्या तोंडी शोभणारा.
"कोट काढा त्याचा," ती म्हणायची. "आत कोण आहे?"
इन्, म्हणजे नाही.
ए, म्हणजे बाहेर.
आणि मधोमध, उघडाबंब, दंडाला तेल लावून
लुक्तारी: कुस्ती खेळणे.
ज्यातून झुंजूनही बाहेर पडता येत नाही, ते.

मागच्या बाकावर खसखस पिकायची,
कारण बाईंचा नवरा लॅन्टी
ग्रासमिअरच्या मैदानात तीनदा जिंकलेला.

तिकडची कुस्ती वेगळी.
पट काढणं नाही, शड्डू नाही.
दोघं छातीला छाती लावतात,
हनुवटी एकमेकांच्या उजव्या खांद्यावर,
हात पाठीमागे नेऊन बोटांत बोटं अडकवतात
आणि मगच पंच म्हणतो, चला.
लांबून बघणाऱ्याला वाटावं,
दोन भाऊ फार वर्षांनी स्टेशनवर भेटलेत.
आधी जमिनीला टेकेल तो हरला.
ज्याची पकड सुटली तोही हरला,
उभा असला तरी.

मी माझ्या भाषेतले शब्द काढून शेजारी ठेवते.
अटळ: म्हणजे आधी टाळून पाहिलं,
गल्ली बदलली, दाराला कडी घातली.
अनिवार्य: म्हणजे आधी
पानावरची माशी वारावी तसा हात हलवला.
अपरिहार्य तर
कचेरीत अर्ज देऊन हात हलवत परतलेला दिसतो.
यांच्यापैकी कुणाच्याच पाठीला
माती नाही.

लॅन्टीच्या उजव्या हाताला कंप सुटला
तेव्हा तो एकाहत्तरचा होता.
कुणाला बोलला नाही. मागच्या कुरणात
बिनचुन्याची भिंत घालायला घेतली.
सकाळी दहा दगड. मग सात.
एका हिवाळ्यात एकच,
तोही पोटाशी धरून, मेंढीचं कोकरू आणावं तसा.
भिंत कुरण न अडवताच थांबली.
मेंढ्या तिला वळसा घालून जातात अजून.

व्हाइटहेवनचा डॉक्टर कागद बघत म्हणाला,
आता हे असंच होत जाणार.
हेस्टरला फळा आठवला.
इतकी वर्षं आपण खडू दाबला तो 'नाही'वर.
त्या मधल्या घामेजल्या माणसाला
पोरांच्या हसण्यावर सोडून दिलं.

मार्चमध्ये नर्स आली, ब्रायनी नावाची पोरगी.
खुर्चीतून माणूस कसा उठवायचा ते दाखवायला.
"समोर उभ्या राहा. त्यांची हनुवटी तुमच्या खांद्यावर.
हात काखेखालून मागे, आणि बोटं..."
लॅन्टी हसला. महिन्याभरात पहिल्यांदा.
"बोटांचं मला सांगू दे," म्हणाला. "आकडा कर. गुंफू नकोस, मोडतील.
पाय रुंद. कंबर खाली. माझ्याकडे बघू नकोस,
बघून काही कळत नसतं."

त्याच्या मखमली चड्डीवर दर उन्हाळ्यात
आयव्हीची पानं भरत बसलेली ही बाई
आयुष्यात पहिल्यांदा रिंगणात उतरली.
पकड घेतली.
त्याचे हात तिच्या पाठीवर पोचले, भेटले नाहीत.
थरथरत राहिले दोन्ही बाजूंना.
नियमानं तो तिथेच हरला होता.
पंच नव्हता. ब्रायनी चहाचं आधण बघायला गेली होती.

खुर्ची ते पलंग, चार पावलं.
घड्याळात अकरा मिनिटं.
तिसऱ्या पावलाला दोघं डावीकडे झुकले,
तिनं गुडघा घातला, सावरले.
तो काहीतरी म्हणाला.
सोड, की सोडू नको,
तोंड तिच्या कानाशीच होतं,
तरी तिला नीट ऐकू आलं नाही.