एक खुर्ची कमी

टिळकवाडीहून सोफे आलेत बगा,
प्लास्टिक अजून काढलेलं नाही.
कॉमन रूममधलं जुनं सामान टेम्पोत चढतंय.
हिरेमठ सर मोजतात ओंदु, एरडु, मूरु,
मी वहीत एक, दोन, तीन.
कॅरमच्या पायाखालचं घडी घातलेलं हॉल तिकीट
तेवढं फरशीवर राहिलं.

एकोणतीस. रजिस्टरात तीस.
परत मोज, म्हणाले.
परत एकोणतीसच, दोन्ही भाषांत.

मला ठाऊक होतं, खरं सांगितलं नाही:
तिसावी गच्चीवर, टाकीच्या मागं,
एक हात मोडलेली.
रेंज मिळते ती तिथंच.
रात्री कणकुंबीकडं तोंड करून
भैरू बसतो तिच्यावर, घरी बोलतो,
आईला कमी ऐकू येतं म्हणून ओरडून.

टेम्पोवाला हॉर्न मारूलालाय.
लिहिलं: तीस.